दागिने घडवायला कुठे शिकावे?



आजचा विषय तसा घरगुती आहे. पण त्यात घरचा पैसा आणि मुलींची उमेद दोन्ही गुंतलेली आहेत. नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की शहर संपता संपता वाडी लागते. मालाची गोदामे, उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा, जवळच अंबाझरीची आयुध निर्माणी आणि या सर्वांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या, असे हे गाव. एके काळी इथे ग्रामपंचायत होती, आता नगर परिषद आहे. या वाडीत आणि पलीकडच्या दवलामेटी, वडधामन्यासारख्या गावांत शिक्षकांना आताशा एक प्रश्न हमखास विचारला जातो : "गुरुजी, पोरीला दागिने बनवायला शिकायचं आहे. जवळपास क्लास कुठं आहे?"

गुरुजींना वाटते, एखादा पत्ता सांगावा आणि मोकळे व्हावे. पण या प्रश्नाचे उत्तर एका पत्त्यात मावत नाही. 'दागिने बनवणे' असे आपण सहज म्हणतो. त्यात खरे पाहता तीन वेगवेगळे धंदे आहेत. तिन्हींची हत्यारे वेगळी, भांडवल वेगळे आणि शिकण्याच्या जागाही वेगळ्या. आपल्याला यांतले कोणते शिकायचे, हे घरी बसून ठरवले नाही तर माणूस पैसे भरून भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. म्हणून आधी हे तीन धंदे ओळखून घेऊ.

पहिला धंदा ओवण्याचा आणि गाठवण्याचा. मणी, मोती, काळी पोत, रेशीम, जर, तार, भाजलेली माती, कापड यांपासून गळ्यातले, कानातले, हातातले तयार करायचे. यात विस्तव नाही, तेजाब नाही आणि भांडवलही थोडे. पूर्वी हे काम पटवेकऱ्याचे असे. सोनाराने घडवलेले मणी आणि डोरल्याच्या वाट्या पटवेकरी रेशमात गाठवून देई. आज बाजारात ज्याला इमिटेशन किंवा फॅन्सी माल म्हणतात, त्यातला पुष्कळसा भाग याच जातीचा आहे.

दुसरा धंदा धातूचा. सोने, चांदी, तांबे, पितळ मुशीत वितळवायचे, पत्रा ठोकायचा, भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून, म्हणजे जंतरातून, तार ओढायची, डाख देऊन सांधे जोडायचे, कानस मारायची, खडा बसवायचा, झिलई द्यायची. हे सोनाराचे काम. हे तेरा दिवसांत येत नाही आणि तेरा आठवड्यांतही येत नाही. हात बसायला वर्षे लागतात.

तिसरा धंदा आरेखनाचा. दागिना कसा दिसेल, किती वजनाचा होईल, खडा कुठे बसेल हे कागदावर किंवा आता संगणकावर काढायचे. ज्याचा चित्रकलेचा हात चांगला आहे आणि ज्याला शहरात नोकरी करायची आहे, त्याच्यासाठी हा रस्ता.

आता प्रत्येक धंद्याची शाळा कुठे आहे ते पाहू.

ओवण्याचे काम शिकायचे असेल तर लांब जाण्याआधी गावात चौकशी करावी. नागपूर हा जिल्हा आहे, आणि केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या आधाराने बँका जिल्ह्याजिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवतात. लोक तिला 'आरसेटी' म्हणतात. या कल्पनेचे मूळ कर्नाटकातल्या धर्मस्थळाजवळ उजिरे येथे १९८२ साली सुरू झालेल्या संस्थेत आहे. आरसेटीच्या अभ्यासक्रमांत कॉस्च्युम ज्वेलरीचा, म्हणजे फॅन्सी दागिन्यांचा, तेरा दिवसांचा वर्ग आहे. शिकवणे फुकट, राहणे-जेवणही फुकट. आणि वर्ग संपल्यावर सुमारे दोन वर्षे शिकलेल्या व्यक्तीची विचारपूस करायची, बँकेच्या कर्जासाठी तिला मदत करायची, अशी तिची रीत आहे. आपल्या जिल्ह्याची आरसेटी कुठे आहे, हे अग्रणी बँकेच्या कार्यालयात किंवा पंचायत समितीत विचारले की कळते.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. दागिन्यांचा वर्ग तिथे बाराही महिने चालू नसतो. आज शिवणकामाची तुकडी असेल, उद्या शेळीपालनाची, परवा आणखी कसली. एका तुकडीला साधारण पंचवीस ते पस्तीस जण लागतात. एकटी मुलगी जाऊन "दागिन्यांचा वर्ग आहे का?" असे विचारते तेव्हा "सध्या नाही" हे उत्तर ऐकून परत येते आणि वर्ग नाहीच असे धरून चालते. त्याऐवजी चार बचत गटांनी मिळून पंचवीस-तीस नावांची यादी करावी, प्रत्येकीचे वय, शिक्षण आणि गाव लिहावे आणि लेखी मागणी द्यावी. वर्ग शोधून सापडत नाही तेव्हा तो मागावा लागतो. आपल्याकडे शाळा, विहीर, दवाखाना हे सारे गावांनी असेच मागून मिळवले आहे; हस्तकलेचा वर्गही त्याच वाटेने येतो.

वाडीकरांनी आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. आरसेटी आणि 'उमेद' अभियानाचे बचत गट ही मुख्यतः ग्रामीण भागाची व्यवस्था आहे. दवलामेटीची मुलगी त्यात सरळ बसते. वाडी नगर परिषदेच्या हद्दीतल्या मुलीला मात्र आपले नाव कुठे लागते ते आधी विचारून घ्यावे लागेल. नगर परिषदेत महिला गटांचे काम पाहणाऱ्या विभागाकडे तिने चौकशी करावी. रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, असे होऊ शकते. त्यात रागावण्यासारखे काही नाही, पण हे माहीत नसले तर दोन-तीन खेपा फुकट जातात.

जिचे शिक्षण अर्धवट राहिले आहे तिच्यासाठी जन शिक्षण संस्थान ही जागा आहे. १९६७ साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ निघाले, त्याचाच हा पुढचा अवतार. आता हे काम केंद्राच्या कौशल्य विकास खात्याकडे आहे. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सोडलेले लोक हाच त्याचा खरा विद्यार्थिवर्ग. शुल्क नाममात्र, पुष्कळांना तेही नाही. त्याशिवाय १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे 'माविम'चे, गट आहेत. आपल्या वस्तीत त्यांचा गट असेल तर सहयोगिनी ताईंना विचारा. कोणत्या वर्षी कोणता वर्ग निघेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी विचारत राहावे.

आता धातूचे काम. त्यासाठी वाडीहून सीताबर्डी आणि तिथून इतवारी गाठावी लागते. नागपूरच्या जुन्या बाजारात एकेका मालाच्या रस्त्याला 'ओळ' म्हणतात. धान्याची ओळ, लोखंडाची ओळ, तशी सोन्या-चांदीची ओळ. समोर झगमगीत दुकाने आणि मागच्या गल्लीत, माडीवर, लहान लहान कारखाने. तिथे मराठी सोनारांच्या बरोबरीने बंगालमधून आलेले कारागीरही पाट्यापुढे बसलेले दिसतील. हीच जुनी शाळा. तिला पाटी नाही, वेळापत्रक नाही. नवा मुलगा आधी झाडलोट करतो आणि फरशीवरची सोन्याची धूळ गोळा करतो, मग कानस धरतो, मग डाख देतो. शिकवणारा तोंडाने फारसे सांगत नाही. त्याच्या हाताकडे पाहून शिकावे लागते.

या शाळेच्या दोन उणिवा आहेत. एक म्हणजे मुलींना तिथे सहसा जागा मिळत नाही. दुसरी म्हणजे शिकाऊ पोरांकडून काम पुष्कळ घेतले जाते आणि शिकवणे मालकाच्या मर्जीवर राहते. म्हणून पालकांना माझे सांगणे असे की, शाळा सोडवून मुलाला मुशीपुढे बसवू नका. दहावी-बारावी होऊ द्या, अठरा वर्षे पुरी होऊ द्या. मग कारागिराशी बोलून, किती महिने शिकायचे आणि हातात काय पडणार हे ठरवून त्याला पाठवा.

ज्यांच्या घरी हा धंदा आहेच, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या अठरा पारंपरिक धंद्यांत सोनारकाम आहे. हाताने व हत्यारांनी काम करणाऱ्या कारागिराला यात पाच ते सात दिवसांचे पायाभूत शिक्षण मिळते, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत होते. पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत आणि मग दोन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. नाव सामाईक सुविधा केंद्रात नोंदवतात. ही योजना धंद्यात असलेल्यासाठी आहे, नवशिक्यासाठी नाही. कोणी "पैसे द्या, तुमच्या मुलीला विश्वकर्मात बसवतो" असे म्हणाला तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

गावचा सोनार कमी का झाला, असे पुष्कळ जण विचारतात. त्याची कारणे अनेक आहेत, पण एक तारीखवार सांगता येते. चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली. आपल्याकडच्या बायका बावीस कॅरटचे सोने मागणाऱ्या. चौदा कॅरटचा दागिना त्यांना रुचेना. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले, आणि कित्येक घरांतली मुले बागेसरी सोडून दुसऱ्या कामाला लागली. पुढे नियम सैल झाले, १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा कायदा झाला आणि १९९० साली तो रद्द झाला. पण एकदा तुटलेला हात पुन्हा जोडत नाही. बाप शिकवायला राहिला नाही तर मुलगा कुणाच्या हाताकडे पाहणार? म्हणून आज ज्या गावात एखादा जुना सोनार किंवा पटवेकरी आहे, त्या गावाने तो आपला वर्गच समजावा.

आरेखनासाठी नागपूर शहरात खाजगी संस्था आहेत. मोठ्या शिक्षणासाठी मुंबईला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी ही संस्था आहे. रत्ने व दागिन्यांच्या निर्यातदारांच्या परिषदेने ती २००३ साली काढली. मात्र इथली फी आणि मुंबईचा खर्च यांचा हिशोब आधी मांडा. कर्ज काढून मुलीला पाठवण्याआधी तिने सहा महिने घरी रोज चित्रे काढली आहेत का, एवढे तरी पाहावे.

आता वर्ग सापडला असे धरू. तो चांगला की वाईट, हे पैसे भरण्याआधी कसे ओळखावे?

आधी तासभर बसून पाहू द्या, असे सांगा. जो बसू देत नाही त्याच्याकडे जाऊ नका. बसल्यावर मुलींच्या हातांकडे पाहा. शिकवणाऱ्या बाई एकट्याच करत असतील आणि बाकीच्या फक्त पाहत असतील तर तो वर्ग कामाचा नाही. मग एक बारीक गोष्ट न्याहाळा. दागिन्यात तारेची लहान कडी लागते. ती उघडताना दोन्ही टोके दोन बाजूंना फाकवली तर कडी वाकडी होते आणि पुन्हा नीट मिटत नाही. एक टोक पुढे, दुसरे मागे, असे आडवे फिरवून उघडली तर ती बिनफटीची मिटते. पहिल्या दोन दिवसांत ही गोष्ट जिथे हातात पक्कड देऊन शिकवतात, तिथे शिकवणारीला काम येते असे समजा. पंधरा दिवस फक्त तयार साहित्य चिकटवायला लावतात, तिथून घरी आल्यावर माळ आठवडाभरात सुटते.

मग विचारा : फीमध्ये साहित्य येते का? तयार झालेली वस्तू कुणाची? शेवटी मिळणारे प्रमाणपत्र कोणाचे? भिंतीवर रंगीत चौकट कोणीही लावू शकतो. बँकेत आणि सरकारी कामात मान असलेले प्रमाणपत्र कोणते, ते आपल्या बँकेच्या शाखेत विचारून खात्री करावी. शेवटचा प्रश्न धातूच्या वर्गासाठी : खिडकी कुठे आहे? डाखाच्या धुरात, विशेषतः ज्याला बाजारात केडीएम म्हणतात त्या कॅडमियमच्या डाखाच्या धुरात, फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना अपाय होतो. तेजाबाची वाफही वाईट. हवा खेळत नसेल, डोळ्यांना चष्मा देत नसतील, तर तिथली विद्या कितीही चांगली असली तरी ती घेऊ नये.

आणि एका फसवणुकीपासून फार जपा. "घरबसल्या माळा ओवा, मणी आम्ही देऊ, तयार माल आम्हीच घेऊ, फक्त एवढी अनामत भरा." जाहिरात अशी असते. बाई मंगळसूत्र गहाण टाकून अनामत भरते. पहिला गठ्ठा ते घेतात, दुसऱ्यात दोष काढतात, तिसऱ्या वेळी फोन लागत नाही. साधा नियम सांगतो : जो काम देणार आहे त्याने आपल्याला पैसे द्यायचे असतात, आपण त्याला नाही.

शिकून झाल्यावर विक्रीचे काय? इथे हिशोब शिकवणारा वर्गच खरा. समजा, एका माळेला मणी ७० रुपयांचे, तार, कड्या आणि आकडी २० रुपयांची, डबी १० रुपयांची. झाले १०० रुपये. दोन तास बसलात. तासाचे ४० रुपये धरले तरी ८० झाले. जाण्यायेण्याचे आणि फुटक्या मण्यांचे २० धरा. माळ २०० रुपयांच्या खाली विकली तर आपली मेहनत आपणच फुकट दिली. आता बाजारात तशीच माळ १५० रुपयांना मिळते, कारण मुंबईच्या मालाडहून आणि राजकोटहून इमिटेशनचा माल ढिगांनी येतो. त्या ढिगाशी वाडीची मुलगी भावात टक्कर देऊ शकणार नाही. देऊही नये.

तिने असे काम धरावे जे मालाडहून येऊ शकत नाही. तुटलेली पोत पुन्हा गाठवणे, आईच्या डोरल्याच्या वाट्या नव्या काळ्या मण्यांत ओवून देणे, माळ गळ्याच्या मापाने लांब-आखूड करणे, नवरीच्या साडीच्या काठाला जुळणारे मणी निवडणे, ही कामे समोरासमोरची आहेत. लग्नसराईत आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या सणांत ती वस्तीतच मिळतात. माल ओळखीचा, गिऱ्हाईक ओळखीचे, दुपारचे दोन तास मोकळे. वाडीच्या घराला परवडेल असा हा जोडधंदा आहे.

यात सचोटीचा एक धडाही शिकवला पाहिजे. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असलेलाच हॉलमार्क दुकानात चालतो. बावीस कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, म्हणून त्यावर ९१६ हा आकडा असतो. मुलाम्याचा दागिना विकताना 'हा मुलामा आहे' असे तोंडाने सांगावे आणि चिठ्ठीवर लिहावे. वस्तीतला धंदा शब्दावर चालतो. तो शब्द एकदा गेला की गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीने जाते.

शेवटी शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही नयी तालीमची कल्पना तिथे मांडली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना स्थानिक कारागिरांजवळ शिकू द्यावे, असे सुचवले आहे. त्या दहांपैकी एक दिवस गावच्या सोनाराला किंवा पटवेकऱ्याला द्या. गणित तिथे आहे : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. विज्ञान तिथे आहे : टाकणखार टाकल्यावर डाख का धावतो? भाषा तिथे आहे : ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, गोठ, वाकी, मासोळ्या ही नावे मुलांना आजीच्या तोंडून लिहून आणायला सांगा. कारागिराला शाळेत सन्मानाने बोलवा, त्याला खुर्ची द्या, "काका, दाखवा" असे म्हणा. शिकवायला तयार असलेला माणूस पुष्कळदा आपल्याच गल्लीत असतो. त्याला कोणी विचारलेले नसते.

तर, बंधुभगिनींनो, या आठवड्यात एवढे करा. कोणता धंदा शिकायचा ते घरात बसून ठरवा. गटातल्या बायकांना विचारून नावांची यादी सुरू करा. पंचायत समितीत किंवा नगर परिषदेत एक खेप घाला. आणि जाताना वाटेत तो जुना पटवेकरी बसलेला दिसला तर दोन मिनिटे थांबून त्याच्या हातांकडे पाहा, आणि शिकवाल का म्हणून विचारा.